खांद्याची जाण

रूथ,

मी मोजत होते.

हे तीन शब्दांचे वाक्य तुला सांगायला माझ्यापाशी दीड वर्ष होते. तेवढ्या काळात आपण किती वेळा भेटलो! दिल्लीतल्या तुझ्या द्वारकेच्या घरी नाताळच्या करंज्या तळल्या, माझ्या मयूर विहारच्या गच्चीत उन्हाला पाठ देऊन मटार सोलले, फोनवर तर दिवसाआड बोललो. प्रत्येक वेळी वाक्य जिभेवर यायचे आणि मी त्यावर चहाचा घोट घ्यायचे. आज तुला जाऊन अठरा दिवस झाले. आता उलट बोलणारे कोणी उरले नाही म्हणून हिला धीर आला, असे तू म्हणशील. म्हण. तुझा टोमणा मला स्वच्छ ऐकू येतो आहे, आणि तो ऐकताना बरे वाटते आहे, हेही आताच कबूल करते.

तू मला तपासलेस त्या रविवारची तुझी खोली माझ्या नाकात अजून आहे. फिजिओथेरपी कॉलेजातली ती लांबट खोली: स्पिरिटचा वास, नव्या रबराचा वास, खिडकीवर जाड निळा पडदा. तुझा प्रश्न साधा होता. डोळे मिटलेल्या निरोगी माणसाला आपला हात कुठे आहे, हे त्याच्या खांद्यातून कितपत कळते? तू माणसाला स्टुलावर बसवायचीस, डोळ्यांवर काळी पट्टी बांधायचीस, दंडावर कोन मोजणारे छोटेसे यंत्र पट्ट्याने अडकवायचीस. मग त्याचा हात सावकाश उचलून एका उंचीवर धरायचीस. ही जागा लक्षात ठेवा, म्हणायचीस. हात खाली आणायचीस. पुढचे काम त्याचे: तोच हात स्वतः उचलून, न पाहता, नेमका त्याच जागी न्यायचा. तो किती अंशांनी चुकला ते तू वहीत लिहायचीस.

बाकीच्या सगळ्या खुणा तू आधीच पुसून टाकल्या होत्यास. बाहीचे कापड कातडीवर सरकून सांगेल, म्हणून बाह्या नकोत. आयुष्यात पहिल्यांदा मी बिनबाह्यांचा कुडता घातला तो तुझ्या शास्त्रासाठी. वारा सांगेल म्हणून पंखा बंद. तुझ्या कॉलेजावरून विमाने इतकी खालून जात की खिडकीची काच थरथरे. तेवढा वेळ तू काम थांबवायचीस. "आवाजावरून माणूस वेळ पकडतो यार," म्हणालीस. बाहेरच्या सगळ्या घड्याळांचा तू बंदोबस्त केलास. माझ्या आत एक चालू आहे, हे तुला कसे कळावे?

ते घड्याळ बाबांनी बसवले. लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरपासून शाळेच्या बसपर्यंत चालताना ते मला वृत्ते शिकवत. भुजंगप्रयाताचे "यमाता यमाता यमाता यमाता" त्यांच्या चपलांच्या तालावर म्हणत आम्ही कोपऱ्यावरच्या कडुनिंबापर्यंत पोहोचायचो. पुढे मी मराठी कविता शिकले, सरकारी कार्यालयात अनुवादक झाले, निवृत्त झाले. पण काहीही संथपणे हलू लागले की माझ्या आत आपोआप लघू-गुरू सुरू होतात. लिफ्टची दारे, उतू जाणारे दूध, डॉक्टरांचे इंजेक्शन. तू माझा हात उचलू लागलीस आणि आत कोणीतरी म्हणू लागले, यमाता यमाता यमा... तू थांबलीस, तो आवाजही तिथे थांबला. हात खाली गेला. मग मी तेवढेच अक्षरगण पुन्हा म्हणत, तुझ्याच संथ गतीने, हात वर नेला आणि त्याच अक्षरावर थांबले.

पहिल्या वेळी ते नकळत झाले. दुसऱ्या वेळेपासून मी जाणून केले. एवढा फरक मला सांगितलाच पाहिजे.

तू आकडा वाचलास. पुन्हा घेतलास. डावा हात घेतलास. मग पट्टी माझ्या डोळ्यांवरून ओढून काढलीस आणि ओरडलीस, "वृंदे! अर्धा अंश! अगं, माझ्या कॉलेजातली क्रिकेट खेळणारी मुलंसुद्धा चार-पाच अंशांनी चुकतात. हा खांदा आहे की काय आहे?"

"मला काय माहीत?"

"मनात काही मोजत-बिजत नव्हतीस ना?"

"छे!"

तेच ते "छे". एक अक्षर, एक गुरू.

का म्हणाले, ते तुला कदाचित सांगावेही लागणार नाही. आपल्या क्वार्टरांच्या मधल्या मैदानात तू कोलांट्या मारायचीस, चेंडू तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत नेमका टाकायचीस, पंजाबी आणि बंगाली मुलांना लंगडी शिकवून त्यांनाच हरवायचीस. मी पहिल्या तीन उड्यांत पडायचे. मग तूच तोडगा काढलास, "वृंदा खेळणार नाही, वृंदा गुण मोजेल." तुझ्या मनात दया होती आणि मला ती कडेला बसवून गेली. शरीर नावाची गोष्ट तुझी, शब्द माझे, अशी आपली वाटणी तेव्हा झाली, आणि ती आपण पन्नास वर्षे पाळली. त्या रविवारी तू माझ्या शरीराचे कौतुक केलेस, रूथ. माझ्या खांद्याचे. तुझ्या विषयात. त्या एका दुपारच्या मोबदल्यात मी "छे" म्हणाले.

खरे तर मी तुझ्या कामात आले ते शब्दांच्याच वाटेने. काही वडीलधारी मंडळी महाराष्ट्रातून मुलांकडे राहायला आलेली होती, त्यांच्यासाठी सूचनांचा कागद मराठीत हवा होता. तुझे मराठी म्हणजे नगरची आई आणि दिल्लीची शाळा यांचा समझोता. तू लिहून आणले होतेस, "कंध्याच्या पोझिशनचा एहसास." मी ते खोडून लिहिले, "आपला हात कुठे आहे याची खांद्याला असलेली जाण." तू ते दोनदा मोठ्याने वाचलेस. "जाण," म्हणालीस. "किती छोटा शब्द आहे. आणि आम्ही चाळीस वर्षं इंग्रजीत केवढी लांब आगगाडी चालवतो आहोत." आणि लगेच वाद सुरू केलास, कारण वादाशिवाय तुला कौतुक पचत नसे.

"पण बघ, तूच लिहिलंस, खांद्याला असलेली जाण. म्हणजे खांद्याला कळतं."

"ते भाषेसाठी लिहिलं. खांद्याला काय कळणार? कळतं ते मला."

"तू कोण? खांद्याच्या वर बसलेली कोणी बाई?"

"हो, बसले आहे. भाडं भरते."

"कवयित्रीबाई, तू भाडेकरू आहेस. घर खांद्याचं आहे."

हा वाद आपण जेवताना, मेट्रोत आणि एकदा तर तुझ्या चर्चमध्ये पुतणीच्या लग्नाची प्रार्थना चालू असताना कुजबुजत केला. तो संपलेला नाही. मी तो संपवण्याचा आव आणणार नाही.

निरोगी माणसे मिळवताना तुझी उडालेली तारांबळ आठवून मला अजून हसू येते. साठीच्या आतबाहेरचा, कुठेही न बिघडलेला खांदा तुला हवा होता. ओळखीच्या मराठी घरांत तू फोन लावत सुटलीस आणि दिल्लीतले मराठी खांदे एकेक करून गारद होत गेले. कोणाला मधुमेह, कोणाची मान धरलेली, कोणाचा हात वेणी घालताना मागे जात नाही. आमच्या सोसायटीतले भागवतकाका तर इस्त्रीचा सदरा घालून, तासाभराची मेट्रो करून आले, आणि तू त्यांना प्रश्नावलीतच बाद केलेस.

"अहो, मी रोज पाच किलोमीटर चालतो!"

"काका, चालता पायांनी. खांदा लहानपणी निखळला होता म्हणालात ना?"

"त्याला पन्नास वर्षं झाली! आंब्यावरून पडलो होतो, रत्नागिरीत!"

"सांधा विसरत नाही, काका. चलो, चहा घ्या."

काका वर्षभर सगळ्यांना सांगत होते, मला एका ख्रिस्ती डॉक्टरीणबाईंनी आंब्यावरून नापास केले. परवा मी त्यांना तुझी बातमी सांगितली, तेव्हा ते खुर्चीत बसले आणि बराच वेळ आपला डावा खांदा चोळत राहिले. "बाई शब्दाची पक्की होती," म्हणाले.

तशी तू होतीस, म्हणूनच माझे "छे" मोठे होत गेले. तू माझ्यावर संशय घेतलाच नाहीस. उलट त्यावर इमारत बांधायला घेतलीस. पहिल्या अभ्यासाची वही पुरी होण्याआधीच तुला दुसरा सुचला. कविता पाठ करणारी, श्लोक म्हणणारी, गाणारी माणसे घ्यायची आणि त्यांच्या सांध्यांची जाण इतरांहून बारीक असते का ते पाहायचे. "तुझ्यामुळे सुचलं," म्हणायचीस. तू संस्कृतच्या शिक्षिका शोधल्यास, तुझ्या चर्चच्या गायनमंडळातल्या चौघांना तयार केलेस, आराखडा लिहून काढलास. त्याच्या पहिल्या पानावर, नाव न देता, मी होते. एका खांद्यावर तू घर उभे करत होतीस, आणि तो खांदा खोटे बोलला होता.

मला पुन्हा तपासायचे असे तू म्हणू लागलीस, आणि मला सबबी सुचू लागल्या. थंडी, धूर, पाहुणे, भाच्याची परीक्षा. आपला शेवटचा फोन तुला आठवतो का? मला शब्दन् शब्द आठवतो.

"या रविवारी येतेस?"

"या रविवारी नाही गं. पाहुणे आहेत."

"तुझे पाहुणे फार झाले हल्ली. खांदा आहे ना जागेवर, की विकलास?"

"आहे, आहे."

"मग ये ना. वृंदे, तू मला घाबरतेस का?"

"काहीतरीच काय!"

"अच्छा. मग कधी?"

"बघते."

"तुझं 'बघते' म्हणजे नाही. ठेव फोन, माझा भात लागतोय."

चार दिवसांनी, भर दुपारी, चहाचे आधण ठेवायला तू उठलीस आणि तुझे हृदय थांबले. तुझ्या पुतणीने सांगितले की चेहरा शांत होता, किंचित वैतागलेला. त्या वैतागाचा एक वाटा माझ्या "बघते"चा असेल, असे मला पहिले काही दिवस वाटत राहिले. आता तसे वाटत नाही. तू लागलेल्या भाताला माझ्याहून जास्त मनावर घेतले असणार.

परवा मी तुझ्या कॉलेजात गेले. मयूर विहारला मेट्रोत बसले आणि सरळ द्वारकेला उतरले. यमुना आली तेव्हा पाण्यावर ऊन होते आणि समोरच्या बाईच्या डब्यातून मेथीच्या पराठ्यांचा वास येत होता. तुझी तरुण सहकारी मनप्रीत तुझे टेबल आवरत होती. ती त्या दिवशी लुधियानाला परीक्षक म्हणून गेलेली, तुझ्या अंत्यविधीला पोहोचू शकली नाही, ते तिने मला दारातच दोनदा सांगितले. मग तिने तुझी वही काढली आणि माझ्या ओळीवर बोट ठेवून हसली.

"वृंदा जी, आपकी रीडिंग तो मैम की फ़ेवरेट थी."

"मनप्रीत, वह रीडिंग ग़लत है. मैं मन में गिन रही थी."

"क्या गिन रही थीं?"

"छंद."

तिला कळेना. मी तिथेच उभी राहून तिला यमाता यमाता म्हणून दाखवले. ती मुलगी हसली नाही. तिने डोळे मिटले, ओठांतल्या ओठांत ते म्हणत आपलाच हात वर नेला, खाली आणला, पुन्हा नेला. "अरे," ती डोळे उघडून म्हणाली, "यह तो सच में वहीं रुकता है!" मग थोड्या वेळाने, हळू आवाजात, "मैम को पता था?"

"नहीं."

तिने पट्टी घेतली आणि माझ्या ओळीवर लाल शाईची एक सरळ रेघ ओढली. रागाने नाही, घाईनेही नाही. शोधनिबंध अजून पाठवलेला नाही, वेळेवर सांगितलेत, असे म्हणाली. रेघ ओढताना कागदाचा जो बारीक आवाज झाला, तो मला गेल्या दीड वर्षातला सर्वांत स्वच्छ आवाज वाटला.

"और वह कविता वाला काम?" मी विचारले. मला त्याचीच भीती होती.

"सवाल तो अच्छा है, जी. बस हर बार हाथ उठाने की रफ़्तार बदलनी पड़ेगी. जो गिनेगा, पकड़ा जाएगा." आणि तिने तुझ्या आराखड्याच्या कडेला तसे लिहून ठेवले. तुझे घर पडले नाही, रूथ. त्याचा फक्त एक खांब काढला, आणि तो मुळात नव्हताच.

मग मी म्हणाले, आत्ताच मला पुन्हा तपास. पाहिजे त्या गतीने हात उचल, मध्येच गती बदल, मला उलटे आकडे म्हणायला लाव. मला माझा खरा आकडा हवा आहे. ती खूश झाली. पडदा ओढला, स्टूल पुसले, यंत्राचा पट्टा काढला. नवा कागद घेऊन प्रश्न विचारू लागली: वय, उजवा हात वापरता की डावा, आधीची इजा, मधुमेह. सगळे नीट चालले होते. मग शेवटचा प्रश्न आला, जो मीच तुझ्यासाठी मराठीत उतरवला होता.

"पिछले तीन महीनों में कंधे में कोई दर्द?"

पुन्हा एक "छे" जिभेवर आले होते. ते म्हटले असते तर पट्टी बांधली गेली असती, खरा आकडा मिळाला असता, मी तुझी भरपाई केली असती. खोटे बोलून खरेपणा सिद्ध करण्याची ती संधी फार जवळ होती, रूथ. त्या खोलीतल्या स्पिरिटच्या वासाइतकी जवळ.

"है," मी म्हणाले. "दाएँ में."

"कब से?"

"दो हफ़्ते से."

"कुछ भारी उठाया था?"

"रूथ को."

मनप्रीतचे पेन थांबले. तिला माहीत नव्हते. तुझ्या भावाची कंबर अंत्यविधीच्या सकाळी धरली होती, दफनभूमीच्या फाटकाशी तुझ्या पेटीचा एक कोपरा रिकामा राहिला, आणि तुझ्या पुतणीने गर्दीत नजर फिरवली. मी पुढे झाले. तुझ्या पाळकांनी फक्त मान हलवली. लाकडाची कड गळ्याच्या हाडाशी रुतली. ताज्या पॉलिशचा वास, निशिगंधाचा वास, पुढच्या माणसाच्या कोटातल्या डांबरगोळ्यांचा वास. पायांखाली पानगळीचा कुरकुरीत आवाज. तू जड होतीस, आणि ते मला आवडले, हे वाचून कोणी दचकले तर दचको. फाटकापासून खड्ड्यापर्यंत किती पावले होती, ते मला सांगता येणार नाही.

मनप्रीतने कागद बाजूला ठेवला. तिचे डोळे भरले होते, पण ती तुझ्या हाताखाली तयार झालेली.

"तो अभी नहीं ले सकती, जी. दर्द जाने के बाद तीन महीने. मैम का रूल है."

"मालूम है," मी म्हणाले. "मैंने ही लिखा था."

तिने चहा मागवला. आम्ही दोघी तुझ्या टेबलाशी बसून तो प्यायलो, तिने तुझ्या रागाच्या तीन गोष्टी सांगितल्या, मी चार सांगितल्या. एकदा डोक्यावरून विमान गेले तेव्हा दोघीही सवयीने बोलायच्या थांबलो.

वहीत माझ्या नावाची ओळ आता नाही, आणि निरोगी माणसांत मी सध्या बसत नाही. मला त्याचे काहीच वाटत नाही. उलट हलके वाटते. डॉक्टरांनी दिलेले मलम कपाटात तसेच आहे. सकाळी खुंटीवरचा टॉवेल घेताना, जिन्याच्या कठड्याला हात लावताना उजव्या खांद्यात एक कळ येते, आणि डोळे मिटूनसुद्धा, काहीही न मोजता, मला कळते तो नेमका कुठे आहे.